कवी धुळाप्पा आणि मी, अलंकारांचा तक्ता

मित्रांनो, ऐका ऐका, मी एक जुना कापडी तक्ता हाय! मैंदर्गीच्या शाळेत आठवीच्या भिंतीवर असतो. माझ्यावर अलंकार लिवल्यात, उपमा, रूपक, अतिशयोक्ती, सगळं. तक्ता कसा काय बोलायलाय म्हणून हसू नका हां. निर्जीव वस्तू माणसागत वागायला लागली की त्याला चेतनगुणोक्ती म्हणत्यात, माझ्या पाचव्याच ओळीत लिवलंय की!

माझा जन्म सोलापुरातला. तिथल्या एका पेंटरनं मांजरपाटावर मला रंगवलं, वर खाली लाकडी पट्ट्या ठोकल्या. पैसे दिले आमच्या गावच्या पिठाच्या गिरणीवाल्या धुळाप्पानं. म्हणून सगळ्यात खाली लाल रंगात 'सप्रेम भेट' आणि त्याच्याखाली काळ्यात 'धुळाप्पा' असं लिवलं. तुमच्या शाळेतल्या पंख्यावर, घड्याळावर असतंय ना नाव, तसंच.

पहिली वर्षं लई मानाची गेली. बाई छडीनं माझ्यावरची एकेक ओळ दाखवायच्या, पोरं सुरात म्हणायची. पण खिडकीतनं ऊन यायचं थेट अंगावर. काळा रंग टिकला, लाल उडाला. 'सप्रेम भेट' गेलं आणि धुळाप्पा राह्यला. तो पण नेमका अतिशयोक्तीच्या उदाहरणाखाली! मला काय कळतंय त्यातलं? मी आपला लटकून होतो.

औंदा बार्शीचे हृषीकेश सर आले. शनिवारी अक्कलकोटला भाषेची स्पर्धा, आणि शाळेतनं एकच जण जाणार. सृष्टीचं नाव पक्कं झालं. घरात कानडी बोलणारी पोरगी, पण मराठीचा तिला लई नाद. आजवर गावाबाहेर स्टेजवर कधी गेली न्हवती, तीन आठवडे मला बघून बघून पाठ करत होती.

शुक्रवारी सरांनी विचारलं, "अतिशयोक्तीचं उदाहरण सांग. कवीचं नाव पण सांग."

सृष्टी ताठ उभी राह्यली. "तो इतका मोठ्यांदा शिंकला की सोलापूरपर्यंतची कौलं उडाली. कवी, धुळाप्पा."

आणि सगळा वर्ग जो काय हसला!

"सर, त्यो गिरणीवाला हाय!" युवराज बाकावर हात आपटत म्हणाला. "त्या कवीकडनं कालच आमचं दळण आणलंय!"

सरांनाही हसू आलं. त्यांनी ते दाबलं, पण सृष्टीनं बघितलं होतं. ती खाली बसली. सुट्टीत सरांपुढं जाऊन म्हणाली, "माझं नाव खोडा सर. युवराजला न्या." सरांनी समजावलं, पण ती मान वर करंना. मग सरांनी मला खिळ्यावरनं काढलं. "हा तक्ताच पोरांना चुकवतोय," म्हणाले. खरं सांगतो, मला लई लाज वाटली.

युवराजनं मला उचललं आणि गंमत म्हणून गिरणीत नेऊन टाकलं. "कविराज, ही तुमची कविता!" असं म्हणून पळाला. धुळाप्पानं मला झटकलं आणि भिंतीला टांगलं.

संध्याकाळी सृष्टीच ज्वारीचा डबा घेऊन आली. मला बघून दारातच थांबली.

"बा तंगी, आत ये," धुळाप्पा म्हणाला. तंगी म्हंजे कानडीत धाकटी बहीण, त्यो सगळ्या पोरींना तसंच हाक मारतो. "जरा थांबावं लागंल. गिरणीचा पट्टा आज रुसलेल्या जावयागत कुरकुरायलाय." डब्यात हात घालून पुढं म्हणाला, "आणि तुझ्या बाच्या ज्वारीत एवढी खडी हाय की अक्कलकोटपर्यंत रस्ता हुईल!"

सृष्टीनं माझ्याकडं बघितलं. मग त्याच्याकडं. परत माझ्याकडं.

"मामा, आता उपमा झाली. आणि नंतरची अतिशयोक्ती!"

"व्हय? मी काय चुकीचं बोललो का?"

मग तिनं वर्गातलं सगळं सांगितलं. धुळाप्पा पोट धरून हसला. मग तिचे डोळे बघून त्यानं हसू आवरलं.

"गिरणी चालू केली त्या दिवशी पट्टा सुटला, तंगी. सगळ्या गिऱ्हाइकांच्या अंगावर पीठ. महिनाभर गाव हसत होतं. मी दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं का न्हाय? काढलं. तू पण उद्या जा."

सकाळी ती मला काखेत मारून शाळेत आली. जीप उभी होती, युवराज आत बसला होता.

"सर, मला परत एकदा विचारा."

सर म्हणाले, "बरं. उपमा सांग. कवीचं नाव राहू दे."

जीपवाल्यानं हॉर्न मारला. माझ्या पट्टीवर तिची बोटं घट्ट आवळली होती. मग म्हणाली,

"काल वर्ग हसला तवा माझी जीभ पट्टा सुटलेल्या गिरणीसारखी झालती सर. आत मोटार गरागरा फिरत होती, पण पीठ कायच पडत न्हवतं."

युवराजच जीपमधनं खाली उतरला. "बस बाई तू. हे कुठल्या पुस्तकात न्हाय, मी सगळी बघितल्यात."

अक्कलकोटला तिचा नंबर आला न्हाय, उगं खोटं कशाला सांगू? पण चार शाळांच्या पोरांपुढं ती शेवटपर्यंत बोलली. सोमवारी सरांनी मला परत टांगलं, उन्हापासून लांब.

मित्रांनो, आम्हा तक्त्यांना जपा, आमचा रंग लवकर उडतो. आणि कुणी चुकलं की हसू येणारच, हसा. पण हसून झालं की गप्प बसून त्याच्याकडं बघा जरा. त्याचं पुढचं वाक्य अजून यायचं असतंय.