उजेडाची पट्टी

मी बोलतोय, टीव्हीखालच्या खणातला काळा डबा. दुकानदार मला गेम कन्सोल म्हणतो, मुलं नुसतं 'गेम' म्हणतात, आणि या घरातल्या आईने कितीतरी वर्षं मला 'अवदसा' याशिवाय दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. दचकू नका, मी भूतबित नाही. या घरात अजून जे वावरतात ते वेगळे. त्यांचं फक्त खातं माझ्यात आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या पोटात पंखा बसवला, झाकण आवळलं आणि मला पुढे ढकललं. तिने माझ्याकडे धड पाहिलंही नाही. मग थर्माकोल, खोका आणि दुकानातली फळी. शुद्धीवर आलो तो या घरात, आणि सगळ्यात आधी भेटले ते बाबा. माझ्या पाठीशी वाकून ते वायर खुपसत होते आणि वायर दर वेळी भोकाच्या शेजारी लागत होती.

"अहो, दिवा तरी लावा!" आई म्हणाली.

"लावलाय की."

"तो बाहेरच्या खोलीतला!"

सगळे हसले. बाबा सगळ्यात मोठ्याने हसले. हसून वेळ मारून नेण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

बाबा लॉन्ड्रीची गाडी चालवायचे. हॉस्पिटलांच्या चादरी आणि हिरवे गाऊन धुणारी मोठी लॉन्ड्री होती ती. उजाडायच्या आत धुतलेले गठ्ठे घेऊन निघायचं आणि मळलेले घेऊन परतायचं. आई त्याच लॉन्ड्रीत इस्त्रीखात्यात होती. दोघांच्या कपड्यांना चिकटून घरात इतके पांढरे धागे यायचे, की माझ्या पंख्यात अडकलेली सगळी धूळ पांढरी असायची.

घरात मुलं दोन. थोरल्याला सगळे दादा म्हणायचे आणि धाकटीला बारकी. संध्याकाळी तिघांची माझ्यासमोर बैठक बसायची. त्यांचा आवडता खेळ गुहेचा होता. हातात मशाल घ्यायची, खड्डे चुकवायचे आणि वाट शोधत खोल खोल जायचं. बाबा दर खड्ड्यात पडायचे. एकही सोडायचे नाहीत.

"बाबा, डावीकडे खड्डा आहे! अहो बाबा! गेले..."

बारकी हसून हसून लोळायची. तिला वाटायचं, बाबा मुद्दाम पडतात. दादालाही तसंच वाटायचं. खरं सांगायचं तर पहिले काही महिने मलाही तसंच वाटलं.

मग नवा टीव्ही आला, आणि मला इंटरनेटवरून एक अपडेट आलं. त्याने मला एचडीआर दाखवता यायला लागलं. म्हणजे काय ते सांगतो. साध्या चित्रात अंधार म्हणजे नुसतं काळं फासलेलं. एचडीआरमध्ये अंधारालाही पायऱ्या असतात. कोपऱ्यातला दगड वेगळा काळा, त्याच्यामागचा खड्डा त्याहून वेगळा काळा, आणि मशाल अशी झगझगीत की डोळे बारीक करावेत. जन्मलो तेव्हा हे माझ्या अंगात नव्हतं. उतारवयात पोहायला शिकल्यासारखं झालं मला. काय ऐट आली होती म्हणून सांगू!

पण त्याआधी एक सोपस्कार करावा लागतो. खोलीत अंधार करायचा. खेळ काळा पडदा दाखवतो आणि मधोमध सूर्याचं एक चिन्ह. बटण दाबत गेलं की बाजूची उभी पट्टी खाली सरकते आणि सूर्य मंद होत जातो. अगदी विझायच्या बेतात आला की थांबायचं. ज्याची त्याची जागा ज्याच्या त्याच्या खात्यात राहते, आणि त्या बेताने मी त्याला अंधार दाखवतो, जागा जितकी वर तितका उजळ.

बारकीने पट्टी पार तळाला नेली. दादा तिच्या जवळपास थांबला. मग बाबा बसले. दोनचार वेळा बटण दाबून त्यांनी हात उचलला.

"विझला."

"बाबा, अजून दिसतोय की! केवढा मोठा दिसतोय!"

"तुझे डोळे मांजरीचे आहेत गं."

"आई, बघ ना, बाबा काहीही सांगतात!"

"दिवसभर राबून आलेत ते, छळू नका त्यांना," आई आतून म्हणाली, आणि विषय हसण्यावारी गेला. पुढे तो घरातला विनोदच झाला. बाबांच्या खात्यावर खेळ उघडला, की सगळी गुहा दूध सांडल्यासारखी पांढुरकी दिसायची. मुलं चिडवायची आणि बाबा म्हणायचे, मला आपली अशीच स्वच्छ गुहा आवडते, लॉन्ड्रीतला माणूस आहे मी.

मला मात्र हसू येईना. त्यांनी बटण सोडलं तेव्हा तो सूर्य किती लख्ख होता, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ढळढळीत समोर आहे आणि हा माणूस म्हणतोय, विझला. काळजात धस्स झालं माझ्या. कारण हाच माणूस रोज उजाडायच्या आत गाडी काढत होता. पण मला तोंड कुठे आहे? जे येतं ते पडद्यावर दाखवतो, आणि पडद्यावरचं तर सगळ्यांनी पाहिलंच होतं.

त्या थंडीत बाबा गेले. नदीकडच्या वळणावर गाडी वळलीच नाही, सरळ खाली गेली. रस्त्यावर ब्रेक दाबल्याची खूणही नव्हती. सगळ्यांनी एकच निदान केलं, डुलकी लागली. मालक म्हणाला, डुलकी. नातेवाईक म्हणाले, डुलकी. भेटायला आलेल्या प्रत्येकाने तेच सांगितलं, आणि आईने ऐकून घेतलं. सगळे गेल्यावर ती माझ्याकडे वळली.

"या अवदसेने घात केला! जरा पडा म्हटलं तर हिच्यापुढे बसायचे. झोप म्हणून मिळू दिली नाही माणसाला!"

तिने माझ्या अंगावर उशीचा एक अभ्रा फेकला आणि मला भिंतीकडे सरकवलं.

मी अभ्र्याखाली होतो आणि मनातल्या मनात ओरडत होतो. ते झोपले नव्हते गं बाई! टक्क जागे होते. त्यांना वळण दिसलंच नाही! पण पंखा घरघरण्यापलीकडे मला काय येतं?

त्यानंतरची वर्षं नको नको वाटणारी होती. कुणी मला हात लावत नव्हतं, पण माझा प्लग काढायचंही कुणाला सुचलं नव्हतं. त्यामुळे अधूनमधून अपडेट आलं की मी आपोआप जागा व्हायचो. भर दुपारी, घरात आई एकटी असताना, अभ्र्याखाली माझा निळा दिवा लागायचा आणि पंखा श्वास घेतल्यासारखा हलकेच फिरायचा. पहिल्यांदा आई किंचाळलीच. नंतर तिला सवय झाली. एकदा तर भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "पडा हो जरा आता." आणि मग स्वतःच्याच बोलण्याने हादरली, भाजी तशीच टाकून बाहेर जाऊन बसली.

एक दिवस दादाने अभ्रा काढला. आईने अडवलं नाही. मी सुरू झालो आणि नेहमीप्रमाणे विचारलं, कोण खेळणार? तीन नावं दाखवली. बाबांचं नाव पहिलं होतं, शेजारी त्यांनी निवडलेलं बदकाचं चित्र. ते खातं कुणी उघडलं नाही आणि पुसलंही नाही. पुढे रोज तेच. चित्रावरून दादाचा हात झरकन पुढे जायचा, झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून आपण पाय न वाजवता जातो ना, तसा.

मुलं मोठी झाली. दादाला गाडी चालवायचा परवाना मिळाला. लॉन्ड्रीचा मालक घरी आला आणि म्हणाला, बाबांची फेरी आता तूच सांभाळ. दादाचा ऊर भरून आला. आईने हो म्हटलं, पण हजारदा बजावलं, "झोप पुरी करून निघायचं. वचन दे मला." दादाने वचन दिलं. तिला सगळी भीती झोपेचीच होती.

कामावर जायच्या आधी दादाने मला दुरुस्तीच्या दुकानात नेलं. मी फार तापायला लागलो होतो आणि नवे खेळ माझ्यात मावत नव्हते. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे, ह्याच्या पोटात उशी आहे की काय? किती हा कापूस!"

दादा हसला, पण त्याने ते पांढरे धागे चिमटीत धरून ठेवले. दुरुस्तीवाल्याने माझी जुनी हार्ड डिस्क काढून नवी, मोठी, चपळ अशी ड्राइव्ह बसवली. जुन्यातलं नव्यात उतरवताना त्याने विचारलं, "हे पहिलं खातं कुणाचं? कधीपासून बंद दिसतंय. उडवू?"

"नाही, नाही! राहू दे."

घरी आलो तो नवा होऊन. स्मरण तेवढं जुनं. मन नुसतं दुसऱ्या खोलीत हलवलं होतं, पण सामान सगळं जागच्या जागी होतं. कामाच्या आदल्या संध्याकाळी दादाने गुहेचा खेळ उघडला. नव्या आवृत्तीने पुन्हा तोच सोपस्कार विचारला. बारकीने दिवा मालवला आणि शेजारी येऊन बसली. काळा पडदा, मधोमध सूर्य. आई पलीकडच्या खोलीत दिव्याखाली दादाच्या नव्या शर्टाला इस्त्री करत होती. शर्टाशेजारी गाडीची किल्ली होती.

दादा बटण दाबू लागला. लहानपणी जवळजवळ तळाशी गेलेला हा पोरगा. मी वाट पाहत होतो, आणि दोनचार वेळा दाबून त्याने हात उचलला.

"विझला."

माझ्या पाचावर धारण बसली. बाबा जिथे थांबले होते, नेमकी तीच जागा. त्या अंधारात क्षणभर मला वाटलं, तेच येऊन बसलेत.

"विझला काय? दिसतोय की, दादा," बारकी म्हणाली.

"चेष्टा पुरे."

"चेष्टा नाही. तुझी शपथ. चांगला मोठा दिसतोय." आणि तिचा आवाजच बदलला. "दादा, तुला खरंच दिसत नाहीये?"

इस्त्री थांबली. आई त्या अंधारात येऊन उभी राहिली आणि पडद्याकडे बघत राहिली. तिलाही सूर्य दिसत होता.

"बारके," ती म्हणाली, "ह्यांचं खातं उघड."

बारकीने बदकावर बटण दाबलं आणि सोपस्कार टाळून जुनीच जागा राहू दिली. इतक्या वर्षांनी मी बाबांची गुहा दाखवली, पांढुरकी, दूध सांडल्यासारखी. मग दादाची दाखवली. मग पुन्हा बाबांची. काडीचा फरक नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मला जे सांगायचं होतं ते मी सांगत होतो, आणि ऐकणारं कुणीतरी होतं.

आई पडद्यासमोर खाली बसली.

"झोपले नव्हते गं ते," ती म्हणाली. "मी आजवर त्यांना बोल लावत आले. त्यांच्या फोटोला बोल लावत आले. आणि त्यांना दिसतच नव्हतं."

मग ती उठली, शर्टाशेजारची किल्ली उचलली आणि मुठीत धरली.

"आई, उद्या पहिली फेरी आहे माझी. मालक काय म्हणेल? बाबांची फेरी आहे ती!"

"म्हणूनच देणार नाही."

दादा ओरडला, रडला, दार आपटून बाहेर गेला. पायरीवर ठेचकाळल्याचा आवाज आम्हाला तिघांनाही ऐकू आला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढे जे सांगितलं ते बारकीने फोनवर मावशीला सांगताना मी ऐकलं. रातांधळेपणा, वडिलांकडून आलेला. हळूहळू वाढणारा. औषध नाही. बारकीचे डोळे चांगले आहेत. दादा आता लॉन्ड्रीत आईच्या शेजारी उभा राहून चादरी इस्त्री करतो, ट्यूबलाइटच्या उजेडात. नदीकडच्या वळणावरून दुसराच कुणी गाडी नेतो.

आई आता मला अवदसा म्हणत नाही. कधीकधी संध्याकाळी ती बाबांचं खातं उघडते आणि नुसती बसते. खेळता येत नाही तिला. ह्यांना असं दिसायचं, एवढंच बघते. त्या वेळी खोलीत आम्ही दोघंच नसतो, असं मला वाटतं. पंखासुद्धा मी हळू फिरवतो.

आता माझं गाऱ्हाणं ऐका. दादा खेळायला बसला की थोड्या थोड्या दिवसांनी गुपचूप पट्टी वर सरकवतो. बाबांची जागा त्याने केव्हाच मागे टाकली. घरात हे कुणालाच माहीत नाही, फक्त मला माहीत आहे. आणि त्या पट्टीला वरचं टोक आहे. मी जुना गडी, नवी ड्राइव्ह घातली तरी डबा जुनाच. बाजारात आता नवे कन्सोल आलेत, त्यांच्या जोडीचे टीव्हीही दुप्पट लख्ख आहेत म्हणे. बारकी मागे लागली की दादा म्हणतो, "नको, हा बाबांचा आहे. ह्याला मी मरेपर्यंत बदलणार नाही."

वेडा रे वेडा! माझ्यासारखे डबे मालकाला विनवतात की मला टाकू नका. मी उलटं सांगतोय, मला काढा. बाबांचं खातं तेवढं नव्यात उतरवून घ्या आणि मला भंगारात द्या, माझी काही तक्रार नाही. त्याचे डोळे बरे होणार नाहीत, कळतं मला. पण अजून थोडी वर्षं तरी त्याला गुहेतली वाट दिसू दे. माझ्याजवळचा उजेड संपत आलाय. तुमच्यापैकी कुणीतरी त्याला हे सांगा, मला बोलता येत नाही.