पुढची दोन चाकं

मासोळी घेताना मी डोळ्यावर जात नाई. कल्ला उचलते. कल्ला लाल तं मासोळी ताजी, काळा पडला तं कालची, मंग विकनारा कितीका शपथा खाईना. मी स्वतः आरमोरीच्या बाजारात मासोळी विकते, म्हनून मले सारं मालूम आहे. लोक शिळ्या मालावर पानी शिंपडतात, कल्ल्याले रंग लावतात. मी नाई करत तसं, पन करनारे माह्याच बाजूले बसतात.

माही सून रंजीता म्हनते, "आत्याबाई, तुमी तं प्रसादाचाही वास घेऊन पाहता." घेते ना बापा! काऊन नाई घ्याव?

आता असा सोभाव असलेल्या बाईच्या घरी तो डबा आला.

माहा पोरगा अमर तीन वर्षांमांगं तापानं गेला. घरात आम्ही तिघी राह्यलो. मी, रंजीता, अन् अमरची पोरगी आचल, सात वर्षांची. रंजीता तरनी आहे. तिचा पाट लावून द्या, दुसरा संसार होऊ द्या, असं मीच तिच्या भावाले म्हनली होती. म्हनाले काय जाते! पन सिंदेवाहीचं स्थळ खरंच दारात येऊन उभं राह्यलं, तवा ते बोलनं मले महाग पडलं. रंजीता जाईन तं आचलही जाईन. लपवून काय करू, सुनेपेक्षा मले नातनीचीच धास्ती होती. तलावावर जाळं ओढलं का पाळीवर मासोळीचे वाटे पडतात, तवा ही टिचभर पोरगी मधात उभी राहून हुकूम सोडते. "इतवारीबाई घरी बिमार आहे, तिचा वाटा काहाडा पह्यले!" बुढे बुढे मानसं हासतात अन् काहाडतात. ती गेली तं माह्या घरात भांडाले कोन राहीन?

म्हनून निकेश आला त्या दिवशी मी त्याचा कल्लाच उचलून पाह्यला. मोटर पंपाची वाइंडिंग करते. सिंदेवाहीले छोटंसं दुकान आहे. पस्तिशीचा झाला तरी बिनलग्नाचा. काऊन बिनलग्नाचा? त्याचा काका भैयाजी सोबत होता, तो म्हने, बहिनींची लग्नं करता करता राहून गेलं. असन. मानूस जास्त बोलत नाई. जास्त न बोलनाऱ्यावर माहा अजिबात भरोसा नाई. भैयाजीनं शब्दाची सुपारी माह्या हातात देली. पुढच्या रविवारी येतो, सुपारी फोडू अन् दिवस ठरवू, असं ठरलं. निघता निघता निकेशनं पिशवीतून डबा काहाडला अन् आचलच्या हातात देला.

डबा माह्या तळहाताएवढा. वरतं चित्र. निळी विजार घातलेला कोनी हिरो, छातीवर सूर्य, मांगं लाल पदर उडून राह्यला, अन् त्याच्या बाजूले गाडी. आत प्लास्टिकचे बारीक ठोकळे, एकात एक बसवून हिरो अन् गाडी कराची. आचल तं नाचाच लागली. माही नजर झाकनावर गेली. झाकनाले खाकी चिकटपट्टी लावली होती. दुकानातला नवा डबा, त्याले खाकी पट्टी काऊन?

 दुसऱ्या दिवशी माहा बाजार होता. तिथी खेळन्याच्या दुकानात तस्साच डबा टांगला होता. मी मासोळीचं टोपलं तिथीच ठेवलं अन् म्हनली, "दाखव गा तो."

"दीडशे रुपये, बाई."

"भाव नाई विचारला. दाखव."

त्या डब्याले खाकी पट्टी नव्हती. झाकनावर गोल चकचकीत टिकली होती, कंपनीची. मी नखानं खरवडून पाहू लागली तं पोरगा ओरडला, "बाई, घ्याचा नसन तं फोडू नका!" त्याचे ठोकळे मासोळीच्या वासाचे होतीन म्हने. मी टोपलं उचललं. मले पाह्याचं होतं ते पाहून झालं होतं. निकेशनं डबा फोडला होता, नाईतं कोन्या लेकराचा वापरलेला उचलून आनला होता.

घरी येऊन पाहते तं आचलनं सतरंजीवर सारं मांडून ठेवलं होतं. मी चष्मा लावला अन् एकेक नग हातात घेतला. वास घेतला, नव्या चपलेसारखा. दोन ठोकळे जोडले अन् ओढून पाह्यले. पकड घट्ट. दातानं ओढले, तरी सुटेनात. त्याचा मले उलटा रागच आला, कारन मले ते ढिले पाह्यजे होते. हिरोचे हात वरखाली होत. चेहरा मातर तिरपा छापला होता, एक भिवई वर, जसा काई तोच माह्यावर शक घेऊन राह्यला.

मंग एका पिवळ्या ठोकळ्यावर काळा डाग दिसला. अंगठ्याचा. ओल्या फडक्यानं घासला, निंघेना.

अन् हिरोच्या पाठीवर पदर नाई. गाडीत स्टेरिंग नाई. गाडीले मांगची दोन चाकं आहेत अन् पुढची दोन गायब! गाडी नाक टेकवून उभी.

"आचल, बाकीचं कुठी आहे वो?"

"माह्याकडे एवढंच आलं, आजी," ती म्हनाली. पुढं काईतरी सांगत होती, पन माहा पारा चढला होता, मी आयकलंच नाई. रंजीताले हाक मारली.

"पाह्य तुह्या सिंदेवाहीवाल्याचं काम! उष्टं खेळनं. अर्धं. पट्टी लावून नवं म्हनून देलं."

रंजीता चुलीजवळ भात काहाडून राह्यली होती. ती म्हनाली, "पडले असतीन, आत्याबाई. बारीक आहेत."

"पडले? खाटेखाली पाह्यलं, उंदराच्या बिळात काडी घातली. नाईत! जो मानूस लेकराच्या खेळन्यात खोट करते, तो लेकराच्या ताटात नाई करनार?"

रंजीतानं भातावर झाकन ठेवलं. तिचे डोळे भरले ते मी पाह्यलं, अन् पाहून न पाह्यल्यासारखं केलं. आतून मले कसं वाटलं सांगू? बरं वाटलं. आता आचल कुठीच जात नाई, असं वाटलं. त्या रात्री मी पोटभर जेवली.

रविवारी भैयाजी अन् निकेश आले. छपरीत सतरंजी टाकली. रंजीतानं चाय आनली. निकेशनं कप उचलला, तेवढ्यात मी गाडी त्याच्या पुढं ठेवली. गाडीनं नाक टेकवलं.

"हे काय आहे, बापू?"

"गाडी आहे, बाई."

"गाडी आहे ते मलेही दिसते. पुढची चाकं कुठी?"

त्यानं गाडी उचलली, उलटी केली, खालून पाह्यली. "होती," तो म्हनाला.

"होती! अन् पदर? स्टेरिंग?"

"तेही होतं."

"अन् डबा कोनं फोडला होता? ती खाकी पट्टी कोनाची?"

"माही."

भैयाजीले चायचा ठसका लागला. रंजीता दाराच्या चौकटीले टेकून उभी होती, ती खालीच बसली. मी पिवळा ठोकळा त्याच्या नाकासमोर धरला. "अन् हा अंगठा?"

"तोही माहाच," निकेश म्हनाला. त्यानं आपला अंगठा दाखवला, नखापासून काळा. "वार्निश आहे, बाई. मोटरीचं. माह्या हातावरचंच जात नाई."

"म्हंजे कबूल आहेस?"

त्यानं कप खाली ठेवला. कान लाल झाले होते. "मी असं खेळनं कधी हातात धरलं नव्हतं. म्हनलं, पोरगी मले म्हनन का काका जोडून द्या, अन् मले नाई जमलं तं? पह्यल्याच दिवशी तिच्यापुढं फजिती. म्हनून दुकानात बसून आधी जोडून पाह्यलं. पह्यल्यानं हिरोचे पाय उलटे लागले. मंग जमलं. मंग सारं मोकळं करून डब्यात भरलं अन् पट्टी लावली. चाकं चार होती, बाई. मी स्वतः बसवली होती."

भैयाजी म्हनाला, "खरं आहे बाई. गिऱ्हाईक उभं, अन् हा ठोकळे जोडून राह्यला होता."

मले नाई पटलं. काका तं पुतन्याचीच बाजू घेईन. अन् मोटर बांधनाऱ्याले खेळनं जोडता येत नाई, ही का पटन्यासारखी गोष्ट आहे? खरं म्हनसान तं मले पटूनच घ्याचं नव्हतं. मी उभी झाली. गुडघे कडकड वाजले.

"हे पाहा भैयाजी भाऊ, मी अडानी बाई आहे, पन मले माल ओळखता येते. माही पोरगी मी अशा घरात नाई देत. तुमची सुपारी तुमाले परत."

"आत्याबाई!" रंजीता म्हनाली. 

मी कमरेची चंची काहाडली. चंचीले तीन कप्पे. वरच्यात तंबाखू, मधल्यात चुना, ते दोन दिवसभर उघडतात. सगळ्यात आतला कप्पा दोरीनं बांधून असते. त्यात अमरचा लहानसा फोटो राहते, अन् आठ दिवसांपासून भैयाजीची सुपारी होती. तो कप्पा मी कधी उघडत नाई, उघडला का दिवस खराब जाते. दोरी सोडली. बोट घातलं. सुपारी बाहेर आली, अन् तिच्यासोबत दोन काळी चाकं सतरंजीवर पडली. एक गडगडत निकेशच्या पायाजवळ गेलं.

 मी चाकाकडे पाहून राह्यली, सारे माह्याकडे.

तेवढ्यात अंगनातून आचल धावत आली. "आजी! तू तुहा वाटा काऊन सांडवला?"

"माहा वाटा?"

"हाव. मी वाटे केले ना सगळ्याईचे. आईले पदर देला, तिच्या बांगड्याच्या डब्यात आहे. काकाले स्टेरिंग." तिनं फ्राकच्या खिशातून चन्याएवढं स्टेरिंग काहाडून निकेशच्या हातात देलं. "हे घ्या. अन् बाकी माहं. त्या दिवशी सांगत होती तुले, तू आयकतच नाईस."

 मी विचारलं, "मले चाकं काऊन देली वो?"

"तुहे दोन गुडघे दुखतात ना. एसटीत चढता येत नाई म्हनतेस. म्हनून दोन चाकं. तू रात्री निजली तवा चंचीत ठेवली." तिनं खाली पडलेली चाकं उचलली अन् माह्या तळहातावर ठेवली. "आई म्हनते, तू आपल्यासंग सिंदेवाहीले नाई येनार. जो घरी राहते त्याचा वाटा पह्यले काहाडा लागते ना, आजी? म्हनून तुहा पह्यले काहाडला."

मी मट्टकन खाली बसली. रडू आलं. पाव्हन्यांसमोर आलं, नाकातून पानी गेलं, अन् मी पुसलंही नाई. पोरगीले सारं मालूम होतं. आपन जानार, आजी राहनार, हे तिनं माह्या आधी मानलं होतं, अन् मानून माहा वाटा माह्याच पोराच्या फोटोजवळ ठेवून देला होता. अन् मी आठ दिवस ते कमरेले बांधून त्या मानसाले चोर म्हनत फिरली.

 निकेश माह्याकडे पाहत नव्हता. तळहातावरचं ते स्टेरिंग अंगठ्यानं हळूहळू फिरवून राह्यला होता.

"रंजीता," मी म्हनली, "बापूची चाय थंडी झाली. दुसरी ठेव. अन् अडकित्ता आन."

"अडकित्ता?"

"मंग सुपारी का दातानं फोडू? माहे दात त्या ठोकळ्यानं हालवून टाकले."

पह्यल्यानं भैयाजी हासला, मंग निकेश. रंजीता हासली नाई, ती आत गेली अन् बऱ्याच वेळानं अडकित्ता घेऊन आली, तोंड धुऊन. मी सुपारी फोडली. पह्यलं खांड निकेशच्या हातात देलं. "बापू, मी वाईट बोलली," मी म्हनली. तो म्हनाला, "पाहूनच घ्याव, बाई." मी दुसरं खांड भैयाजीले देलं.

आचलनं गाडी आनली. "आता दे चाकं, आजी. काका लावून देतीन."

मी मूठ बंद केली.

"वा वो! वाटा देला म्हंजे देला. परत मांगते का कोनी? माही चाकं माह्याजवळ राहतीन. धानाचा रोवना झाला का मी सिंदेवाहीले येते, अन् माह्या हातानं बसवते."

"तवापर्यंत गाडी?"

"राहीन नाक टेकवून."

"खरंच येशीन?"

"येईन म्हनली ना! बसवून, चालवून पाहीन. स्वस्तातला माल आहे, मी पाह्यल्याशिवाय भरोसा ठेवत नाई."

चाकं फोटोजवळ ठेवली अन् दोरी बांधली. आचलनं माह्या हातातून चंची ओढून घेतली अन् गाठ पक्की आहे का नाई, ते स्वतः ओढून पाह्यलं.