आईने परस्पर दिलेले टायर

माझे टायर आईने अर्विडला दिले. अर्विड म्हणजे माझा धाकटा भाऊ. आता कोणी म्हणेल, टायरच ना, दिले तर दिले, एवढं काय आकाश कोसळलं? असं म्हणणाऱ्याने एकदा बर्फ पडत असताना भल्या पहाटे आमच्या सरोवराकाठच्या रस्त्याने गाडी चालवून दाखवावी. मग बोलू.

मी शाळेत स्वयंपाक करते. पोरं यायच्या आत न्याहारी तयार लागते, त्यामुळे बर्फ ढकलणारी गाडी फिरायच्या आधीच मी रस्त्यावर असते. एका बाजूला जंगल आणि दुसऱ्या बाजूला कडा, खाली पाणी. कठडा आहे, पण त्याच्या भरवशावर राहणारे दोघेजण आता दफनभूमीत आहेत.

म्हणून मी चांगले हिवाळी टायर घेतले होते, रिमसकट. माझ्या भाड्याच्या घरात ठेवायला जागा नाही, तर उन्हाळाभर ते आईच्या शेडमध्ये असायचे. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला की निम्मं गाव बंदुका घेऊन रानात जातं आणि शाळेत माझ्यावर दुप्पट काम पडतं. मोसम संपला की पहिल्या शनिवारी मी आईकडे जायचं, टायर बदलायचे, सौनात, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या खोलीत, शेकून घ्यायचं आणि कॉफी पिऊन परतायचं, असा आमचा रिवाज.

या वर्षी शेडचं दार उघडलं तर चाकं चार होती, पण माझी नव्हती. बारमाही टायर, तेही कडेने झिजलेले. मी आत जाऊन विचारलं, "आई, माझे टायर कुठायत?"

"आधी सौना घे. गरम आहे तोवर."

"आई!"

"अर्विडने नेले. शिकारीला आला होता ना पोरांना घेऊन. त्याचे ठेवलेत की तुला. चार गेले, चार आले."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मापाचा प्रश्नच नव्हता. बाबांनीच वारण्यापूर्वी आम्हा दोघांना एकसारख्या गाड्या घ्यायला लावल्या होत्या, म्हणजे अडीनडीला एकाची वस्तू दुसऱ्याला चालेल. अडीनडीला म्हणाले होते ते. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला नव्हे.

"कोणाला विचारून दिलेस?"

"अगं, नऊ तासांचा रस्ता त्याचा. मधे तो पूल, पुलावर वारं. गाडीत दोन लेकरं. त्यांच्या आईचा तिकडे जीव टांगणीला लागलेला."

"आणि मी?"

"तू काय, इथल्या इथे. आणि हे काही वाईट नाहीत, बारमाही आहेत. बारा महिन्यांत हिवाळा येत नाही का?"

आता हिला काय सांगायचं? बारमाही टायरचं रबर थंडीत खिडकीबाहेर विसरलेल्या लोण्यासारखं होतं. दगड. बर्फाला धरतच नाही ते. हे मी सांगितलं, तर आई म्हणाली, "तुझे बाबा जन्मभर असल्याच टायरांवर फिरले. डिकीत वाळूच्या दोन गोण्या टाकायचे नि शीळ घालत जायचे."

"बाबा दोनदा गाडीसकट चरात गेले होते."

"गेले. पण शीळ काही थांबवली नाही हो त्यांनी."

आणि मी हसले! आग लागो माझ्या हसण्याला. तिने कॉफी ओतली, वेलदोड्याच्या पावाचा मोठा तुकडा माझ्यापुढे सरकवला, आणि मी मुकाट्याने खाल्ला. आमच्या घरात भांडणं अशीच मिटतात, म्हणजे मिटत नाहीत.

दुसऱ्या दिवशी अर्विडचा फोन आला. "ताई, थँक्यू हं. सबंध वाट बर्फ होता, पण गाडी जरासुद्धा घसरली नाही. मी नको नको म्हणत होतो, पण आई म्हणाली, एल्वीच म्हणालीय, घेऊन जाऊ दे त्याला."

खरं सांगितलं असतं तर लेकापुढे आई खोटी पडली असती. आपलेच दात, आपलेच ओठ. "पोरं कशी आहेत?" एवढं विचारलं आणि फोन ठेवला.

नवे टायर घ्यावेत म्हणून वाइनोच्या गॅरेजात गेले. वाइनो माझ्याच वर्गातला, जिभेला हाड नाही. म्हणाला, "पहिला बर्फ पडला की अख्ख्या गावाला एकाच दिवशी अक्कल येते. तुझ्या मापाचे आता नाताळ झाल्यावर. पण तुझ्याकडे तर होते की गं?"

"होते."

"चोरीला गेले?"

"तसंच समज."

गाडीला लावलेले माझे उन्हाळी टायर तर अर्विडच्या टायरांपेक्षाही गेलेले होते, म्हणून त्याचेच चढवले. आणि मग रोज पहाटे माझा तमाशा. स्टिअरिंग असं धरायचं की बोटं बधिर व्हायची. चढावर चाकं नुसती फिरायची, उतारावर ब्रेक दाबला की गाडी स्वतःच्या मर्जीने चालायची. एकदा शाळेच्या अलीकडच्या वळणावर ती आडवी झाली ती थेट कठड्याकडे निघाली. कठड्याच्या हातभर अलीकडे साचलेल्या बर्फात नाक खुपसून थांबली. बर्फवाल्या गाडीने येऊन मला मागे ओढलं. त्या दिवशी पोरांना न्याहारी उशिरा मिळाली.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती विणकाम करत होती. म्हणाली, "तुझा पाय जड आहे ब्रेकवर. लहानपणापासून धसमुसळी तू. टायर काय करतील बिचारे?"

मला राग आला नाही, हे सांगून खोटं वाटेल, पण खरंच नाही आला. मी मनाशी म्हटलं, म्हातारी आहे, जन्मात कधी गाडी चालवली नाही, तिला काय कळतंय टायरांतलं! तिला सगळे टायर काळे नि गोल. कळत असतं तर तिने असं केलं असतं का? पोटची पोर आहे मी तिची. या एका विचारावर मी तो महिना काढला. टायर गेले तर गेले, मला एवढंच हवं होतं, की तिने जे केलं ते न कळून केलेलं असावं.

डिसेंबरात तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख होती. मोठं हॉस्पिटल दोन तासांवर. मी रजा टाकली, थर्मासमध्ये कॉफी भरली, तिच्या पायांसाठी जाड कांबळं घेतलं. आदल्या दिवसापासून सरोवरावरून बर्फ येत होता. गोगलगायीसारखी गाडी हाकत मी तिच्या अंगणात पोचले, तर तिथे अर्विडची गाडी उभी. इंजिन चालू.

आई कोट घालून तयार होती.

"हा कधी आला?"

"काल. मीच बोलावलं."

"पण मी नेणार होते ना तुला? आपलं ठरलं होतं."

"अगं, हवा बघितलीस का बाहेर?" बटणं लावता लावता ती म्हणाली. "दोन तासांचा रस्ता. तुझ्या त्या टायरांवर मी नाही बाई बसायची. बर्फात थांबतच नाहीत ते. त्या दिवशी कठड्यावर जाता जाता वाचलीस ना तू?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "आई, मी रोज त्यांच्यावरच जाते."

"तुला सवय आहे."

अर्विड दारात येऊन उभा होता. "कोणते टायर, ताई? तू नवे घेतलेस ना? आई म्हणाली, म्हणून तर मी परत आणायची घाई केली नाही."

"उशीर होतोय," आई म्हणाली.

म्हणजे तिला सगळं कळत होतं. शेडमध्ये अर्विडला चाकं दाखवली तेव्हाही, बाबांच्या शिळेची गोष्ट सांगून मला हसवलं तेव्हाही. चौघांच्या जिवाचा विचार केला तिने. अर्विडचा, त्याच्या पोरांचा, आणि आज स्वतःचा. माझी पाळी आली की म्हणे सवय.

ओरडावंसं वाटलं. अर्विडला म्हणावंसं वाटलं, काढ, आत्ताच्या आत्ता काढ माझी चाकं. पण ऑपरेशनची वेळ ठरलेली, आणि तिला त्या डोळ्याने धड दिसतही नव्हतं. अंगण निसरडं होतं. मी तिचा दंड धरून तिला गाडीपर्यंत नेलं, आत बसवलं, पट्टा लावला, कांबळं पायांवर टाकलं. तिने माझा हात थोपटला.

गाडी निघता निघता तिने काच खाली केली. "एल्वे, घरी सावकाश जा गं. तुझे टायर धड नाहीत."

खरंच काळजीने म्हणाली ती. तेच मला सहन झालं नाही. अंगणातून रस्त्यापर्यंत चांगला तीव्र उतार आहे, आणि माझे टायर तिला घेऊन तो सरळ उतरून गेले.