मी ही संधी नक्की दवडणार

रविवारी सकाळी दुर्गजवळच्या वैशाली नगरमधल्या माझ्या व्हरांड्यात सात-आठ मुलं मराठी शिकायला येतात. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि गल्लीत दोन्हींची खिचडी, अशी ही मुलं. त्यांच्यावर रागवायचं नाही असं मी ठरवलेलं आहे, आणि बहुतेक वेळा ते जमतं. त्या रविवारी जमलं नाही.

आदल्या आठवड्यात मी 'दवडणे' हे क्रियापद दिलं होतं. अर्थ घरी विचारा आणि वाक्यात उपयोग करून आणा, असं सांगितलं होतं. पीयूष पहिला उभा राहिला.

"मागे कुत्रा लागला म्हणून मी दवडलो."

"पीयूष, दवडणे म्हणजे पळणे नव्हे," मी म्हटलं. "हातात आलेली चांगली गोष्ट वाया घालवणे. वेळ दवडणे, संधी दवडणे. हिंदीत गँवाना म्हणता ना, तसं. सई, तू वाच."

"मालगाडी हळू दवडते, राजधानी जोरात दवडते."

"अगं, आत्ताच सांगितलं ना मी!"

"पण आजी, मी तर कालच लिहिलं होतं."

मी खडू उचलला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'त्याने चांगली संधी दवडली.'

"आता याचा अर्थ सांगा."

"मौका मिला तो उसने दौड़ लगाई," पीयूष म्हणाला.

"उलटं रे, उलटं! संधी समोर होती आणि त्याने सोडून दिली. घालवली. फुकट घालवली!" माझा आवाज इतका चढला की शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई वाकून बघू लागल्या.

मागच्या सतरंजीवर समृद्धी बसली होती. नववीतली ही मुलगी आठशे मीटर धावते. तिचे वडील हेमराज मूळचे भंडाऱ्याकडचे, इथे पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर आहेत. एरवी तिचं खिदळणं थांबवावं लागतं. आज ती फळ्याकडे टक लावून बघत होती.

"आजी, सोडून दिली म्हणजे... मना किया?"

"हो."

"मग मी काल दिवाकर सरांना मना केलं."

दिवाकर सर नागपूरला धावणाऱ्या मुलींना तयार करतात. राहणं, जेवण, शाळा, सराव सगळं तिथेच. राजनांदगावच्या एका स्पर्धेत त्यांनी समृद्धीला पाहिलं होतं आणि जागा झाली की कळवतो म्हणाले होते. तेव्हापासून ही पोर फोन वाजला की उडी मारून उठायची.

"नेमकं काय म्हणालीस?" मी विचारलं.

"सर बोलले, एक जागा झाली आहे, येतेस का? मी बोलली, सर, मी ही संधी नक्की दवडणार."

"मग?"

"ते बोलले, विचार करून सांग. मी बोलली, विचार केला सर, पप्पालाही विचारलं. दवडणारच."

"अगं बाई! मग?"

"मग बोलले, बरं, तुझी मर्जी. आणि फोन ठेवला. मला वाटलं, खुश झाले."

पीयूष फिदीफिदी हसला. मी त्याच्याकडे बघितलं, तेव्हा थांबला.

"अगं पण नुसतं 'हो, येते' म्हणायला काय झालं होतं?"

"तुम्हीच बोलल्या ना, नागपूरला चांगली मराठी बोलावी लागेल म्हणून."

मी खडू खाली ठेवला आणि तिच्याकडून नंबर घेऊन स्पीकरवर फोन लावला.

"मॅडम, पोरीनं मले दोनदा सांगितलं," दिवाकर सर म्हणाले. "इतक्या ठसक्यात नाही म्हननारी पोरगी मी पहिल्यांदाच पाहिली. आता गोंदियाच्या पोरीले विचारून बसलो. तिचा बाप संध्याकाळी कळवते म्हने."

"सर, तिला दवडणे म्हणजे धावणे वाटलं. दौड़ना."

"काय म्हनता?"

मी पुन्हा सांगितलं.

"अन् तुम्ही कोन?"

"मी तिला मराठी शिकवते."

"अस्सं," ते म्हणाले.

मी फोन समृद्धीपुढे धरला आणि हळूच म्हटलं, "म्हण, माझा गैरसमज झाला होता, मी दिलगीर आहे."

"आजी, प्लीज!" तिने फोन हिसकावला. "सर, मले यायचं आहे."

"आता म्हनशीन, तुमच्याकडं येने म्हंजे जाने असते."

"नाही सर, आना! आना म्हणजे आना!"

"हे पाह्य, फोनवरचं मी आता काहीच आयकत नाही. दिवस बुडायच्या आत मैदानावर उभी दिसली तर जागा तुही. नाही दिसली तर गोंदियाची."

हेमराज रात्रपाळी करून झोपला होता. त्याला उठवून सगळं सांगितलं, तर तो डोळे चोळत माझ्याशीच वाद घालू लागला.

"दौडनाच तर असते, काकू! मीच सांगितलं तिले."

"नसतं, हेमराज."

"मंग काय असते?"

"गँवाना."

तो खाटेवर बसूनच राहिला. "अन् मी पोरीले म्हनलं, सरांले जोरात सांग."

दुर्गहून दुपारची गाडी मिळाली. मलाही त्याने सोबत ओढलं. "चला, काकू. तिथं अजून कोनता शब्द निघाला तर मी काय करू?" डोंगरगडला गाडी उगीच उभी राहिली. समोरून मालगाड्या जात होत्या आणि समृद्धी दारात उभी राहून प्रत्येक डब्यावर चरफडत होती. "बस, आजी, आता पोहोचतच नाही आपण!" मी तिला समजावण्यासाठी दोन शब्द शोधले, पण त्या दिवशी माझ्या शब्दांवर कुणाचाच विश्वास नव्हता.

मैदानावर पोहोचलो तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. दिवाकर सर शिट्टी गळ्यात अडकवून मुलींना फेऱ्या मारायला लावत होते. आम्हा तिघांकडे आणि समृद्धीच्या खांद्यावरच्या बॅगेकडे त्यांनी आळीपाळीने पाहिलं.

"बोल. काय म्हनतं?"

मी तोंड उघडलं. समृद्धीने माझा हात दाबला.

"हो," ती म्हणाली.

"नुसतं हो?"

"हो, सर."

त्यांनी एका मोठ्या मुलीला हाक मारली आणि हिला खाट दाखव म्हणून सांगितलं. मग गोंदियाला फोन लावत बाजूला गेले. समृद्धी जाताना वडिलांच्या पाया पडली, माझ्याही पडली, आणि वळूनही न बघता आत गेली.

परतीच्या गाडीत हेमराज खिडकीबाहेर बघत बसला. मला वाटलं, पोरीची आठवण आली असेल.

"काकू," तो अचानक म्हणाला, "पुढच्या रविवारी पोरायले कोनता शब्द देऊन राहिल्या?"

"अजून ठरवलं नाही. का रे?"

"पहिले मले सांगत जा," तो म्हणाला, आणि बाकावर पाय पसरून झोपी गेला.