घोड्यांची सोय आहे

‘घोड्यांची सोय आहे’ असा फलक लावायला फक्त रंगाचा डबा लागतो. घोडा कधी बघितलेला असावा लागत नाही. हे मला आता पक्कं कळलंय, कारण माझी नणंद आणि मी, आमच्या भिंगरी घोडीला मागे गाडीत घालून, एकामागून एक कॅम्प पालथे घालतोय, आणि प्रत्येक ठिकाणी एक नवीन दीडशहाणा भेटतोय.

नणंद म्हणजे छोटी. पन्नाशी ओलांडली, गुडघे कुरकुरतात, चष्म्याशिवाय पाटी वाचता येत नाही, पण घरातलं शेंडेफळ म्हणून अजून छोटीच. गाडी ती चालवते. जागाही तीच शोधते, फोनवर, फोटो बघून. “वहिनी, हे बघा ना, किती हिरवंगार!” हिरवंगार! घोडीला काय तिथे उभं राहून फोटो काढायचेत?

पहिल्या कॅम्पवरचा व्यवस्थापक गुडघ्यापर्यंत बूट, डोक्याला टोपी आणि गळ्यात शिट्टी अशा थाटात आला. त्याने आम्हाला दाखवला तो गाड्या लावायचा सिमेंटचा चौथरा. भर उन्हात तापलेला. त्यात लोखंडी कड्या ठोकलेल्या.

“इथे बांधा मॅडम. एकदम मजबूत आहे.”

“आणि ती आडवी कुठे होणार?”

“घोडे आडवे होतात?” त्याने विचारलं. आणि वर हसला, मीच काहीतरी विनोद केल्यासारखा.

घोडा उभ्या उभ्या झोपतो हे लोकांना शाळेत सांगतात आणि तिथेच त्यांचं ज्ञान संपतं. अरे बाबांनो, उभ्याने लागते ती डुलकी. खरी झोप लागायला घोड्याला आडवंच व्हावं लागतं, थोडा वेळ का होईना. आणि आडवा तो तेव्हाच होतो, जेव्हा त्याला मनातून खात्री असते की इथे आपल्याला काही होणार नाही. नाही वाटली खात्री, तर तो ताटकळत उभा राहतो. किती दिवस राहील?

भिंगरी थंडीपासून आडवी झालेली नाही. उभ्याने पेंगते, पेंगता पेंगता पुढचे पाय दुमडतात, गुडघ्यांवर आपटते आणि दचकून उठते. दोन्ही गुडघे सोलवटलेत. खपली धरते न धरते तोच पुन्हा आपटते. जनावरांच्या डॉक्टरांनी तिला बघितलं आणि हातमोजे काढता काढता मला सरळ सांगितलं, “हिला दुसरं काही झालेलं नाही. झोप नाही. जिथे आडवी होईल अशी जागा शोधा. नाहीतर एक दिवस अशी पडेल की पाय मोडून घेईल, आणि मग मला ते शेवटचं इंजेक्शन घेऊन यावं लागेल.” या माणसाशी मी वाद घालत नाही. बाकी सगळ्या जगाशी घालते.

थंडीत आमचे हे गेले. त्यामुळे लोकांना लगेच गोष्ट सुचली. घोडी धन्याच्या दुःखाने झुरतेय म्हणे. शेजारीण तर डोळे पुसत सांगून गेली. धनी? कसला धनी? घोडेस्वारीचा क्लास मी चालवला. खरारा मी केला, लीद मी उचलली, नाल ठोकून घ्यायला मी नेलं, पोटात कळा आल्या तेव्हा रात्रभर अंगणात मी फिरवलं. आणि हे? हे तबेल्याच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. मांडीवर वर्तमानपत्र, तेही बहुतेक वेळा उलटं. दुपारच्या दुपार.

“अहो, काय करताय?”

“बसलोय.”

हेच उत्तर, वर्षानुवर्षं. मी डोक्यावर गवताचा भारा घेऊन समोरून जातेय, आणि हे पाय थोडे आत घेतात, तेवढीच मदत. क्लासची पोरं फिदीफिदी हसायची. मी म्हणायची, “एक दिवस खुर्चीला मुळं फुटतील.” तर म्हणायचे, “फुटू देत.” तेव्हा घोडी कशासाठी झुरत असेल तर ती यांच्यासाठी नक्की नाही. आमच्या घरामागे नवी इमारत उठतेय, दिवसभर यंत्रांची धडधड चालू असते, त्याने ती बिथरली आहे. जागा बदलली की झोपेल. एवढं साधं आहे.

पण जागा कुठे आहे?

दुसऱ्या कॅम्पची मालकीणबाई गळ्यात मोती घालून आली. फलकावर ‘अश्वनिवास’. आतल्या खोल्यांना पडदे, खिडकीत सुगंधी मेणबत्त्या, वाळक्या गवताच्या शेजारी मेणबत्त्या बरं का! आणि सगळ्या आवाराला कण्हेरीचं कुंपण, फुलांनी लगडलेलं.

“गुलाबी आणि पांढरी, दोन्ही लावलीत,” बाई कौतुकाने म्हणाल्या.

“आणि दोन्ही विषारी आहेत,” मी म्हटलं. “मूठभर पानं पोटात गेली की घोडा खलास.”

“छे हो, आमच्याकडचे घोडे नाही खात.”

“किती घोडे आहेत तुमच्याकडे?”

“अजून यायचेत,” बाई म्हणाल्या.

छोटीने मला दंडाला धरून गाडीत बसवलं म्हणून बरं, नाहीतर मी त्या बाईला तिच्याच कुंपणाची पानं चावायला लावली असती.

तिसऱ्या ठिकाणी घोडे खरोखरच होते. घोडे बरे होते, पण त्यांच्यावर बसणारे! नवंकोरं करकरणारं चामडं, घोड्याच्या शेपटीला रिबिनी, तंबूबाहेर मोठ्याने लावलेली गाणी. एकाने मला न विचारता सल्ला दिला, “तिला प्रेमाची गरज आहे, काकू. गाजर द्या आणि मिठी मारा.” मी म्हटलं, आधी तुमच्या घोड्याचा पट्टा सैल करा, त्याला श्वास घेता येत नाहीये. त्यानंतर तो आमच्याकडे फिरकला नाही.

तरी त्यातल्या त्यात लांबचा कोपरा बघून आम्ही भिंगरीला सोडलं. मी काही करायचं बाकी ठेवलं नाही. पेंढा पसरला, पाणी बदललं, खूर तपासले, मान चोळली, घोंगडं घातलं, गरम होईल म्हणून काढलं, पुन्हा पेंढा सारखा केला. ती उभीच. मी इकडे गेले की कान इकडे, तिकडे गेले की कान तिकडे.

“वहिनी, जरा बसा की,” छोटी म्हणाली.

“नुसतं बसायला मी काय तुझा भाऊ आहे?”

छोटीचा चेहरा पडला. मला त्याचं फार वाईट वाटलं असं म्हणणार नाही. काम पडलेलं होतं.

तिथेच, माझ्या डोळ्यांदेखत, भिंगरी पुन्हा कोसळली. या वेळी गुडघ्यांवर नाही, तोंडावर. उठली तेव्हा ओठातून रक्त येत होतं आणि एक पाय टेकवायला बघत नव्हती. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, आता पुरे. घरी आणा तिला. उद्या सकाळी मी येतो.” कशासाठी येतो ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

परतीच्या रस्त्यावर छोटी रडत रडत गाडी चालवत होती. “रस्ता दिसतोय का तुला?” मी ओरडले. मला स्वतःला दिसत नव्हता. वाटेत घोडीला उतरवून पाणी पाजणं भाग होतं, नाहीतर आम्ही त्या उकिरड्यावर थांबलोच नसतो.

उकिरडाच तो. पुढे टायरचं दुकान, मागे मोकळी जागा, आणि फाटकावर खडूने लिहिलेलं: ‘तंबू, गाड्या, जनावरं, सगळं चालेल.’ सगळं चालेल! इतकी बेफिकिरी मी आख्ख्या प्रवासात बघितली नव्हती. आत एक कुंपण, एकही दांडा सरळ नाही. कोपऱ्यात फाटक्या टायरांचा ढीग. मध्ये एक झाड. झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत एक माणूस, बनियनवर, पोट मांडीवर ठेवलेलं, तोंडात काडी.

“मालक कुठे आहेत?”

“मीच.”

“घोडी थोडा वेळ आत सोडायची आहे.”

“सोडा की.”

“तुम्ही उठा मग. लाथ मारेल.”

“कशाला मारेल?” तो म्हणाला, आणि उठला नाही. खुर्चीत थोडा सरकला, बस. पाय आत घेतले.

आमच्या नशिबी हेच यायचं राहिलं होतं. मी कुंपणाला फेरी मारली. तारेचा तुकडा नाही, खिळा नाही, विषारी झुडूप नाही, पायाखाली भुसभुशीत माती. आणि हे सगळं त्याने मुद्दाम केलेलं नव्हतं, केवळ काहीच न केल्यामुळे तसं राहिलं होतं. मी भिंगरीला सोडलं. त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “पाणी तिकडे,” म्हणाला आणि हनुवटीने दाखवलं. हात उचलायचेही कष्ट नाहीत!

नळ दुकानाच्या पलीकडे होता आणि त्याची धार सुतासारखी. बादली भरेपर्यंत मी त्या माणसाचा उद्धार केला. बनियन, काडी, पोट, फाटक, सगळं काढलं. मग दोघींनी मिळून बादली उचलली आणि कोपरा वळून मागे आलो.

भिंगरी जमिनीवर होती.

बादली माझ्या हातातून सुटली. मी धावणार तोच छोटीने मला मागून घट्ट धरलं. “थांबा! वहिनी, थांबा, बघा तरी!”

मी बघितलं. भिंगरी पूर्ण कुशीवर पसरली होती, मान लांब, चारही पाय ऐसपैस टाकलेले. पोट खालीवर होत होतं. मागचा एक खूर मधूनच हलत होता, कुठेतरी धावत असल्यासारखा. आणि ती घोरत होती. बाईमाणसाने घोरू नये इतक्या मोठ्याने घोरत होती.

तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर ती खुर्ची. त्यात तो माणूस, हात पोटावर, डोळे अर्धे मिटलेले.

मी चवड्यांवर कुंपणापर्यंत गेले. “काय केलंत तुम्ही तिला?” मी कुजबुजले.

“मी?” त्याने तोंडातली काडी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. “काही नाही. बसलोय.”

मी त्याच्या खुर्चीकडे बघितलं, मग भिंगरीकडे.

“वहिनी,” छोटी हळूच म्हणाली, “दादा पण असाच...”

“गप्प बस.”

मला कळलं होतं. तिने सांगायची गरज नव्हती. तबेल्याचं दार, ती खुर्ची, ते उलटं वर्तमानपत्र, आणि मागे पेंढ्यात पसरलेली भिंगरी. हे चित्र मी रोज बघत होते, गवताचा भारा डोक्यावर घेऊन. मला वाटायचं, दोघं सारखेच आळशी.

आणि मला असा संताप आला की काय सांगू! या बनियनवाल्यावर नाही. यांच्यावर. इतके टोमणे खाल्ले, पोरं हसली, पाहुण्यांसमोर मी लाज काढली, आणि हा माणूस एकदा तोंड उघडून म्हणाला नाही, की अगं, मी उठलो की ती उठते. एकदा तरी म्हणायचं! तेव्हाच समोरासमोर भांडता तरी आलं असतं. पाय तेवढे आत घेत राहिले. घ्या! आता मी कोणाशी भांडू?

तेवढ्यात दुकानातून कोणीतरी हाक मारली. गिऱ्हाईक आलं होतं. बनियनवाला कण्हत उठला, पँट वर ओढली आणि आमच्याकडे न बघता निघाला. खुर्ची रिकामी झाली. भिंगरीचं घोरणं थांबलं. एक कान वर झाला. मग मान उचलली. पुढचे पाय पोटाखाली ओढायला लागली.

मी कुंपणाच्या दांड्यांमधून वाकून आत शिरले. या वयात. साडी अडकली, फाटली, फाटू दे. हळूहळू चालत गेले आणि त्या माणसाच्या उबदार खुर्चीत बसले.

तिच्या गुडघ्यावर माशा बसल्या होत्या. तोंडाशी पट्टा पिळला गेला होता. ओठावरचं रक्त वाळलेलं, पुसायला हवं होतं. माझे हात शिवशिवत होते. मी ते मांडीखाली दाबून धरले. भिंगरी माझ्याकडे बघत होती, ही बाई आता कधी आणि कशासाठी उठणार, अशा नजरेने. मी उठले नाही. माशा हाकलल्या नाहीत. झाडाकडे बघत बसले. फारच वेळाने तिने एक लांब श्वास सोडला आणि मान पुन्हा मातीवर टाकली.

छोटी कुंपणापाशी उभी होती. तिने फोन वर करून दाखवला. डॉक्टरांनी उद्या यायचं ना, असं हातानेच विचारलं. मी मानेने नाही म्हटलं. येऊ नका म्हणावं. मग ती तोंडाला हात लावून, अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “वहिनी, पण तुम्ही काय करताय?”

“बसलेय,” मी म्हटलं. आणि मला रडू फुटलं. नाक गळत होतं, पदर हाताशी होता, पण पुसायला मी हलले नाही.