शिवेचा धोंडा

शहाडची नदी ओलांडली की मुरबाडकडे जाणारा रस्ता एकदम अरुंद व्हायचा. गवताची भरलेली गाडी दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आलेली. समोरून दुसरी आली की एकीला ओढ्याकडे उतरावंच लागे. दोन वर्षांत तीन गाड्या उलथल्या. तिसरीखाली करवंदवाडीचा एक नवरदेव हळदीच्या अंगानं गेला, तेव्हा कुठे सरकारला जाग आली. दोन गाड्या शेजारून सुखानं जातील एवढा रस्ता करायचा हुकूम सुटला.

आंबेशेतचा दौलत या कामावर मुकादम. मनाचा सरळ माणूस. गावात कीर्तन असलं की झांज त्याच्याच हातात. डोळे मिटून वाजवायचा, आणि बुवा थांबले तरी त्याचा एक ठोका पुढे जायचा. लोक हसायचे, तोही हसायचा. काम सुरू झाल्यापासून तो आणि त्याची बायको मालन गाव सोडून रस्त्याकडेच्या झोपडीत राहायला आली होती. एकुलती लेक शेवंती पुढच्याच गावी, करवंदवाडीत दिलेली. रस्त्यावरून गेलं की तिचं घर पहिलं. तिला नुकतेच दिवस गेले होते.

दोन्ही गावांच्या मधोमध एका उंबराखाली शेंदूर फासलेला धोंडा होता. नव्या आखणीत उंबर आला आणि धोंडाही आला. ओव्हरसियर व्हॅलेरियन, ठाण्याचा किरिस्ताव, भला माणूस. तो घोड्यावरून उतरला आणि धोंड्यापाशी टोपी काढून उभा राहिला.

"दौलत, हा तुमचा देव आहे का? असेल तर तसं सांग. मी हात लावायला सांगणार नाही. वर लिहून विचारतो, तोवर काम थांबेल."

"देव नाय साहेब. शीव हाय."

"म्हणजे नुसता दगड?"

दौलत क्षणभर घुटमळला. काम थांबलं तर मजूर पांगले असते. "दगडच," तो म्हणाला.

पहारी लागल्या. धोंडा निघाला. जवळपास सगळा कातळ, पुन्हा पुरायला खड्डा होईना. करवंदवाडीच्या अंगाला शंभरेक पावलांवर मऊ माती लागली, तिथं दौलतनं तो उभा करून घेतला. "मुरूम दबला की जागच्या जागी आनू," असं तो मजुरांना म्हणाला. मग उंबर तोडला, मुळं खणून काढली, खळगा भरला, वर खडी आली आणि बैलांनी ओढायचा दगडी रूळ फिरला. रस्ता असा सपाट झाला की पाहत राहावं. धोंडा मात्र तिकडेच राहिला तो राहिलाच.

चैत्रात पटकी आली. आधी मजुरांच्या तळावर, मग आंबेशेतात. आठ दिवसांत जुलाब-उलट्यांनी अकरा माणसं गेली. नाथा भगतानं मरीआईचा गाडा केला. लाकडाची हातभर उंच गाडी, तिच्यात हिरव्या बांगड्या, खण, लिंबू, दहीभात. रीत अशी की हा गाडा ओढत शिवेपार न्यायचा, ठेवायचा आणि मागं न बघता परतायचं. पुढच्या गावाला तो शिवेवर सापडला की त्यांनी आपल्या पलीकडच्या शिवेला न्यायचा. पण गाडा गावाच्या हद्दीत आत येऊन उभा राहिला, तर आई आपल्या पायांनी बसायला आली असं समजायचं. मग त्याला कुणी हात लावत नाही.

गाडा निघाला त्या सकाळी दौलत खडीच्या गाड्या आणायला शहाडला गेला होता. तो दुपारी परतला तेव्हा देवळात कीर्तन उभं राहिलेलं. त्यानं पाय धुतले, झांज घेतली.

"आईला तुम्ही मानानं शिवेपार पोचवलीत," बुवा सांगत होते. "आता तिला आळवा, की बाई, जिथं गेलीस तिथली लेकरंही तुझीच."

टाळ वाजले. दौलतची झांज वाजली नाही. तो तसाच उठून नाथाजवळ गेला.

"भगत, गाडा कुठं ठेवलाव?"

"कुठं म्हंजे? धोंड्याच्या पल्याड. इतकी वर्सं कुठं ठेवतोय? आता तर उंबर बी नाय, धोंड्यावरच शीव वळखायची."

दौलत धावत सुटला. त्याचं तोंड बघून नाथा उठला, त्याच्यामागे आणखी दहाबारा जण.

करवंदवाडीचे लोक लांब उभे होते. गाडा शेवंतीच्या घरासमोर, अंगणापासून पंधरा पावलांवर. घराचं दार लावलेलं. दारात तिची सासू बायजा.

"या इवाई," ती म्हणाली. "आई आमच्या दारी बसायला आली. लेकीच्या डोहाळजेवणाला आली म्हनायची."

"आई आपनहून नाय आली, बायजाबाय. धोंडा मी हलवला. म्हनून लोक हितवर आले."

मग शेवंतीचा नवरा तानाजी पुढे झाला. "मामा, आनलाव तुमी, तर न्यावा बी तुमीच."

"हात लावशील तर तुझ्या मागं लागंल, दौलत," नाथा म्हणाला.

आतून शेवंतीचा आवाज आला, "बाबा, नको." दौलतनं दोर उचलला.

नव्या रस्त्यावर चाकं आवाजसुद्धा करत नव्हती. दौलत पावलं मोजत निघाला. नव्वदावर थांबला, शंभरावर थांबला. धोंडा नेला तेव्हा कुणी पावलं नेमकी मोजली होती? इकडे खडी, तिकडे खडी. उंबर नाही, खळगा नाही, मुळाचा तुकडा नाही.

"थांब, हीच शीव," आंबेशेतवाले म्हणाले.

"अजून तिकडं, आंबेशेताकडं," करवंदवाडीवाले म्हणाले. "ही आमची जमीन."

"तुमची कशी? उंबर हितंच व्हता."

"मग दाखव की उंबर."

दोन्ही गावांची माणसं रस्त्याच्या दोन कडांना उभी राहिली. मधे भरपूर जागा होती आणि तिच्यात दौलत एकटा, दोर धरून. चार पावलं इकडे ठेवला तर लेकीच्या गावात. चार पावलं तिकडे ठेवला तर आपल्याच माणसांत. घामानं त्याचा दोर निसटत होता.

झोपडीकडून मालन येताना दिसली. सावकाश, थांबत थांबत. लोक बाजूला झाले.

"घरी आना त्यो," ती म्हणाली.

"येडी झालीस? आपल्या दारात?"

"दारात नको. आत घ्या." तिनं गाड्यातला खण नीट केला, कलंडलेलं लिंबू सरळ ठेवलं. नाथानं डोळे झाकून घेतले. "सकाळपासनं मुरडा मारतोय मला. चार वेळा जाऊन आले. तुमी शहाडला व्हता, सांगू कुनाला?"

दौलत तिच्याकडे बघत राहिला. तिचे डोळे खोल गेले होते आणि ओठ पांढरे पडले होते.

"ती आपल्याकडं कवाच आलीया," मालन म्हणाली. "चला. मला आता लई चालवत नाय."

तिनं दोराला हात लावला. मग दोघांनी मिळून गाडा झोपडीकडे वळवला.