दारात आलेला मुलगा

परदेशी सिनेमातल्या आईला मराठी आवाज द्यायचं काम मिळालं आणि पहिल्याच दिवशी ती बाई माझ्या डोक्यात गेली. शाळेतल्या पोरांच्या छळापायी तिची मुलगी जिवानिशी गेली. माझी लेकही तशीच गेली. पण हिचं नशीब बघा! छळणाऱ्यांतला एक मुलगा शेवटी हिच्या दारात मान खाली घालून उभा राहतो. माझ्या दारात चिटपाखरूही फिरकलं नाही.

त्याला बघून ती म्हणते, "माफ केलं तुला." तिचे ओठ हलले की मी बोलायचं, एवढंच. घेतलं, फसलं. पुन्हा घेतलं, पुन्हा फसलं.

"ताई, आवाजात माया हवी," काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला. "तुम्ही तर तिच्यावर खार खाऊन बोलताय."

"खातेच आहे. लावा परत."

पडद्यावर दार उघडलं. मुलगा दिसला, तिचे ओठ हलले आणि कागदावरचं वाक्य माझ्या तोंडून निघालंच नाही.

"तू तरी आलास," मी म्हणाले.

दिग्दर्शकाने ते पुन्हा लावून ऐकलं. "ताई, तिच्या ओठांवर चपखल बसलंय. हेच ठेवू."

म्हणजे माझ्याकडे होतं तेवढं वाक्यही तिलाच गेलं.